हतनूर-गिरणेवर सी-प्लेन उतरवायचं म्हणता, पण पाण्याचं काय?

तापीकाठ (धागालेखक)

सरदार सरोवराजवळच्या केवडियाहून साबरमतीला जाणारी सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची सेवा ३१ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाली आणि वर्ष उलटायच्या आत बंदही पडली. पण तेव्हापासून आमच्या खान्देशातल्या व्हॉट्सअॅप गटांवर जी टूम निघालीय ती काही थांबत नाही. सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या अक्कलकुवा-धडगावची गावं बुडाली, मग विमान तेवढं गुजरातेत का? हतनूर धरणावर उतरवा, गिरणेवर उतरवा, वाघूरला उतरवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये विजयवाड्याहून श्रीशैलमला आणि कोचीहून मुन्नारजवळच्या माट्टुपेट्टी धरणावर चाचणीचं विमान उतरलं, तेव्हा तर आमच्याकडच्या उत्साही मंडळींनी जेट्टीच्या जागाही ठरवून टाकल्या.

मी पाटबंधाऱ्यात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. विमानातलं मला प्रवाशाइतकंच कळतं, धरणातलं मात्र बऱ्यापैकी कळतं. आणि माझी शंका तिथूनच सुरू होते. धरणाचं पाणी म्हणजे धावपट्टी नव्हे. धावपट्टी बारा महिने एकाच जागी, एकाच लांबीची असते. आमचं पाणी दर महिन्याला वेगळं.

पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे कधी किती उघडतील हे बैतूलकडे आणि पूर्णेच्या खोऱ्यात काय पडलं त्यावर ठरतं. त्या दिवसांत पाण्यासोबत ओंडके, पऱ्हाट्या, कधी आख्खं बाभळीचं झाड येतं. दिवाळीनंतर पाणी निवळतं, धरण भरलेलं असतं, हवा गार. विमानाला हेच दिवस चांगले, पण नेमके त्याच दिवसांत हतनूरच्या फुगवट्यावर परदेशी बदकं उतरलेली असतात. होळीनंतर पाणी मागे हटतं, मागे गाळपेरीची शेतं उघडी पडतात आणि पाण्यात बुडालेली खोडं डोकं वर काढू लागतात. अर्धी वर येतात ती दिसतात. वीतभर पाण्याखाली असतात ती दिसत नाहीत.

विमान उडवणारं किंवा पाण्यावर पोट असलेलं कुणी इथं असेल तर लिहा. कोणत्या आमदारानं काय आणलं नि काय नाही, हा विषय दुसऱ्या धाग्यावर घ्या.

खपाट_कपाशी

वाचतोय. जागा धरून ठेवली.

फ्लोटवाला_अमळनेर

आप्पा, चांगला धागा काढलात. मी मालदीवमध्ये ट्विन ऑटर या सी-प्लेनवर को-पायलट होतो, आता जमिनीवरची विमानं उडवतो. तुम्ही उन्हाळ्यातल्या पाण्याचं लिहिलंत त्यात विमानाच्या बाजूची भर घालतो.

आपला भाग समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर. पण ४५ अंशांत हवा इतकी पातळ होते की इंजिन, पंखा आणि पंख तिघंही आपण साडेचार हजार फुटांच्या आसपास असल्यासारखे वागतात. जमिनीवरच्या विमानाचीही अशा वेळी धाव वाढते. फ्लोटच्या, म्हणजे पोटाखाली तरंगणारे पोकळ पाय लावलेल्या विमानाला त्यात पाण्याची ओढ. फ्लोटच्या तळाला मधोमध एक पायरी काढलेली असते. पॉवर दिली की विमान आधी नाक वर करून पाणी नांगरत जातं, मग वेग धरून त्या पायरीवर चढतं, मागचा तळ पाण्यातून सुटतो आणि तेव्हा कुठे ते खरं पळू लागतं. भर दुपारी पूर्ण वजनानं काही विमानं त्या पायरीवर चढतच नाहीत. नुसतं पाणी घुसळत बसतात, आणि समोरचा काठ जवळ येत राहतो.

म्हणजे हिशेब असा, की धरणात पाणी सगळ्यात कमी उरतं त्याच महिन्यात विमानाला पाणी सगळ्यात जास्त लांब लागतं.

यावर सगळे एकच उपाय सुचवतात, सकाळी सहाला उडवा. गार हवा, वारा नाही, पाणी शांत. खरी गोम तिथंच आहे. सी-प्लेनच्या प्रशिक्षणात ज्याची सगळ्यात जास्त धास्ती घालतात ते वादळ नाही, ते हे शांत पाणी. ग्लासी वॉटर म्हणतात त्याला. वरून बघताना पाण्याचा पृष्ठभाग दिसतच नाही. दिसतं ते उलटं आभाळ, नाहीतर थेट तळ. उंची किती राहिली हे डोळा सांगू शकत नाही. कुणी अजून वीस फूट आहेत समजून नाकावर पाण्यात शिरतो, कुणी पाणी आलं समजून वीस फुटांवरच विमान सावरायला जातो आणि वेग संपून आपटतो. चांगले मुरलेले वैमानिक यात गेलेत.

शिकवतात ते असं. डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही. काठाला धरून यायचं, म्हणजे झाडं, दगड, काहीतरी नजरेच्या कोपऱ्यात राहतं. काठ ओलांडताना सुरक्षित असेल तेवढं खाली. मग नाक किंचित वर, थोडी पॉवर ठेवून उतरण्याचा वेग मिनिटाला १५० फुटांच्या वर जाऊ द्यायचा नाही. आणि मग काहीही करायचं नाही. पाणी फ्लोटला लागेपर्यंत तसंच बसायचं. जमिनीवर शिकलेल्या पायलटला हे फार जड जातं, कारण शेवटच्या क्षणी स्टिक मागे ओढायची त्याच्या हाताला सवय असते.

आता हिशेब करा. काठाशी ५० फुटांवर असाल तर मिनिटाला १५० फुटांनी खाली यायला २० सेकंद. ६० नॉटच्या (ताशी सुमारे १११ किलोमीटर) वेगानं त्या २० सेकंदांत ६०० मीटरपेक्षा जास्त पाणी मागे पडतं, आणि अजून फ्लोट टेकलेलाही नाही. पुढे थांबायला वेगळं. उड्डाणाला तर त्याहून जास्त, कारण तुळतुळीत पाणी फ्लोटला चिकटून धरतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये सकाळी शांत पाणी आणि दुपारी ऊन, वर वावटळी. मधले दीड-दोन तास हाती लागतात, तेही रोज नाही.

मुक्ताईनगरची_लेक

इतकं भारी कुणी समजावलं नव्हतं. एक बाळबोध प्रश्न. पाण्यावर वारा कुठून येतोय हे पायलटला कोण सांगतं? तिथं काय विमानतळासारखा झोळणा लावलेला नसतो.

फ्लोटवाला_अमळनेर

ताई, बाळबोध कसला, पहिल्या दिवशीचा धडा आहे हा. ज्या काठाकडून वारा येतो त्या काठालगत पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा राहतो, कारण तिथं काठाचा आडोसा असतो. पाण्यावर वाऱ्याच्या दिशेनं रेघा पडतात. लाटांवर पांढरा फेस दिसायला लागला की वारा साधारण १० नॉटच्या घरात आलाय असं धरायचं. बांधलेली होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. धूरही बघतात, पण हतनूरला दीपनगर वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर बघून कुणी ठरवायला नको. तो वारा चिमणीच्या उंचीवरचा. खाली पाण्यावर वेगळाच असू शकतो, सकाळी तर हमखास.

आणि उतरण्याआधी एकदा वरून पूर्ण चक्कर. तारा, होड्या, जाळी, खोडं, पक्षी, सगळं बघून मगच. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. खांब शोधायचे आणि मध्ये तार आहे असं गृहीत धरायचं.

केळीवाला_रावेर

तारांवरून आठवलं. फुगवट्याच्या काठाला आमच्यासारख्यांच्या मोटारी आहेत. पाणी मागे सरकलं की मोटार पुढे न्यायची, पाइप जोडायचा, केबल ओढायची. काही जण मोटार तराफ्यावर ठेवतात. मे महिन्यात केळीला पाणी नाही मिळालं तर वर्ष गेलं, त्यामुळे जिथं पाणी तिथं मोटार, कुणाला विचारून नाही. दोऱ्या पाण्यात, केबल पाण्यात. रात्री सरकवतात, सकाळी दुसरीकडे. विमानवाल्यांनी नकाशा केला तर तो आठ दिवसांत जुना.

ही तक्रार नाही. आमची मोटार आधीपासून आहे, विमान नंतर येणार. कुणी आमच्या मोटारी काढायला आलं तर काय होईल ते सांगायला नको.

बिनधास्त_धुळेकर

सगळे मिळून घाबरवायलाच बसलात. मालदीवमध्ये दिवसभर सी-प्लेनची ये-जा चालते, जगातला सगळ्यात मोठा ताफा तिथं आहे. आपल्याकडे काहीही नवीन आणायचं म्हटलं की आधी शंभर कारणं. १९३८ च्या सुमारास इंग्रजांची फ्लाइंग बोट कराचीहून निघून राजसमंदच्या तलावावर, मग ग्वाल्हेरला, मग अलाहाबादला यमुनेत उतरत कलकत्त्याला जायची. तेव्हा जीपीएस होतं का? आम्हाला सारंगखेड्याच्या यात्रेला विमान पाहिजे. बॅरेजचं पाणी सरळ आणि लांब आहे, दत्तजयंतीला थंडी असते, तुमचं उन्हाचं गणितही सुटलं.

फ्लोटवाला_अमळनेर

जिभाऊ, मालदीवचंच सांगतो, तिथं राहिलोय म्हणून. तिथं विमान जिथं थांबतं तिथं तरंगता धक्का असतो, दोरी पकडायला माणूस असतो, होडी असते. विमानात दोन पायलट आणि तिसरा माणूस, तो दार उघडून फ्लोटवर उतरतो आणि बांधाबांध करतो. रोज सकाळी फ्लोटमधलं पाणी पंपानं उपसून मोजतात. एका कप्प्यातून नेहमीपेक्षा जास्त निघालं तर विमान उडत नाही. अमेरिकेतल्या नियमांत फ्लोटना विमानाचं वजन तोलायला लागते त्यापेक्षा ८० टक्के जास्तीची तरंगशक्ती मागितलीय, ती फ्लोट फुटणार हे धरूनच. तिथं हे जमतं कारण दिवसभर तेच काम करणारी शेकडो माणसं पाण्यावर आहेत. पायलट त्यातला एक.

सारंगखेड्याचं पाणी लांब आहे, मान्य. पण नदीचं पात्र म्हणजे वारा आडवा आला तर तोंड फिरवायला जागा नाही, आणि पूल आहे. माझी खरी भीती यात्रेची. सी-प्लेनला ब्रेक नसतो. इंजिन सुरू झालं की विमान चालायला लागलंच. वारा लागला की ते आपसूक वाऱ्याकडे तोंड करतं. पाण्यातली सुकाणूं खाली सोडून सावकाश वळवावं लागतं. त्यात पंखा फिरताना दिसत नाही. यात्रेतली पोरं सेल्फी काढायला कमरेइतक्या पाण्यात उतरली तर त्यांना कोण अडवणार?

चांदवा_भुसावळ

पक्ष्यांवर लिहायचं होतं, आप्पांनी सुरुवात करून ठेवलीच आहे. हिवाळ्यात हतनूरला पट्टकादंब, चक्रवाक, लालसरी, आणि वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांचे तर थवेच्या थवे. हा वारकरी पक्षी उडण्याआधी पाण्यावरून पळत जातो, म्हणजे विमानाच्या वाटेतून पटकन बाजूला होणं त्याला जमतच नाही. पट्टकादंब दोन-अडीच किलोचा पक्षी. सकाळी चरून परत पाण्यावर येतात ती वेळ आणि तुमची विमानाची वेळ एकच. केवडियाला तलावातल्या मगरी पकडून हलवल्या होत्या, जानेवारी २०१९ मध्ये. पक्षी कुठं हलवणार? माट्टुपेट्टीला वनखात्यानं हत्तींचा मुद्दा काढला तेव्हा लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

उतरवायचंच असेल तर वाघूर किंवा गिरणा बघा. हतनूर सोडा.

खपाट_कपाशी

गिरणा धरण नांदगाव तालुक्यात येतं भाऊ, नाशिकवाले श्रेय घेऊन जातील. :)

भोईराज_प्रकाशे

मन्हं म्हननं इतलंच शे भो, जायं कोठे टाकेल शे हाई इमानवालाले कोन सांगी?

सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो: जाळी कुठे टाकलीत हे विमानवाल्याला कोण सांगणार? आमची जाळी संध्याकाळी पडतात, पहाटे उचलतात. वर फक्त थर्माकोलचे नाहीतर प्लास्टिकच्या बाटल्यांचे बोये. वरून कचरा वाटेल. नायलॉनचं जाळं फ्लोटच्या सुकाणूत गुंतलं तर विमान जागेवर गोल फिरेल आणि जाळं आमचं फाटेल. मासेमारीचा ठेका संस्थेकडे असतो, संस्था पैसे भरते. म्हणून पाण्याचा एक पट्टा विमानाला द्यायचा असेल तर आधी मच्छीमार संस्थेशी बोला. आणि एक. काही झालं तर पहिली होडी आमचीच पोहोचणार. अग्निशमनची गाडी पाण्यावर चालत नाही. मग आम्हाला आधीच शिकवून ठेवा ना, बुडालेल्या विमानाचं दार कुठून उघडतं ते.

तापीकाठ

भोईराज, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. २०२१ च्या जुलैत चोपडा तालुक्यात वर्डीच्या शिवारात प्रशिक्षणाचं विमान पडलं होतं. प्रशिक्षक गेले, शिकाऊ मुलगी जखमी. तिथं पहिल्यांदा गावातलीच माणसं पोहोचली, आणि एका बाईनं त्या मुलीला उचलून न्यायच्या झोळीसाठी अंगावरचं लुगडं सोडून दिलं. ते डोंगराच्या कडेला, जमिनीवर. पाण्यात झालं असतं तर?

फ्लोटवाले, विमान पाण्यात उलटलं तर आतल्या माणसानं नेमकं काय करायचं असतं?

फ्लोटवाला_अमळनेर

आप्पा, हाच प्रश्न प्रत्येक तिकिटाच्या मागे छापला पाहिजे.

सी-प्लेन उलटण्याची एक फार साधी वाट आहे. काही विमानांच्या फ्लोटला चाकं असतात, म्हणजे धावपट्टीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरता येतं. पाण्यात उतरताना चाकं वर हवीत. खाली राहिली तर पाण्याला लागताक्षणी, पळत्या सायकलच्या पुढच्या चाकात काठी घालावी तसं विमान नाकावर पालथं होतं. म्हणून आमच्याकडे मोठ्यानं बोलायची शिस्त: "पाण्यावर उतरतोय, चाकं वर, निळे दिवे चारही." बऱ्याच विमानांत निळा दिवा पाण्यासाठी, हिरवा जमिनीसाठी. शिकताना एकटे असलो तरी मोठ्यानं म्हणायला लावायचे. हसू यायचं. नंतर येईनासं झालं.

पालथं झाल्यावर बहुतेक माणसं धडकेनं मरत नाहीत, बुडून मरतात. कॅनडात नोव्हेंबर २००९ मध्ये सॅटर्ना बेटाजवळ एक बीव्हर विमान पडलं, आठांपैकी सहा जण आतच राहिले. त्यानंतर तिथल्या अपघात तपास मंडळानं दारं-खिडक्या बाहेरच्या बाहेर ढकलून निघाव्यात आणि प्रवाशांनी लाइफ जॅकेट अंगावरच घालावं अशा शिफारशी केल्या. पुढे २०१९ मध्ये कॅनडानं व्यावसायिक सी-प्लेनसाठी प्रवाशांना फुगणारं जॅकेट घालणं आणि पायलटना पाण्याखालून बाहेर पडायचं प्रशिक्षण सक्तीचं करण्याचे नियम काढले.

हे प्रशिक्षण असं की तलावात विमानाच्या आसनांचा सांगाडा असतो, त्यात पट्टा लावून बसवतात आणि पालथा करतात. नाकात पाणी जातं, वर-खाली कळत नाही. तिथं जे शिकवतात ते: हलणं थांबेपर्यंत थांबा. एक हात दाराच्या कडीवर किंवा खिडकीच्या चौकटीवर, तो सोडायचा नाही. आधी दार उघडायचं. पट्टा सगळ्यात शेवटी. आधी पट्टा सोडला की माणूस आतल्या आत तरंगतो आणि मग दार कुठल्या बाजूला होतं ते हरवतं. आणि जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं. १९९६ मध्ये कोमोरोस बेटांजवळ इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं विमान समुद्रात उतरलं, १७५ पैकी १२५ जण गेले. त्यात बरेच जण धडकेतून वाचले होते, पण जॅकेट आतच फुगवलं आणि छताला अडकले.

आपल्या धरणातलं पाणी गढूळ. तिथं डोळे उघडून उपयोग नाही, सगळं हातानं चाचपडूनच. म्हणून भोईराज म्हणतात ते अगदी बरोबर, दार बाहेरून कसं उघडतं हे पहिल्या होडीतल्या माणसाला माहीत पाहिजे.

बिनधास्त_धुळेकर

बरं बाबा, मानलं. पण यातलं एकही कारण "करूच नका" म्हणत नाही, "नीट करा" म्हणतं. खर्च करा, होडी ठेवा, भोई पोरांना नोकरीवर घ्या.

केळीवाला_रावेर

तेच म्हणतोय. आणि वर्षातले किती दिवस विमान येईल ते आधी सांगा. चार महिन्यांसाठी बारा महिन्यांचा पगार कोण देणार, केवडियाचं गाडं अडलं ते आठवा.

वहिनी_शिरपूर

जरा वेगळं विचारते. माझा भाचा शिरपूरला पायलटचं शिकतोय, सेसनावर. हा धागा त्याला पाठवला तर म्हणतो, "मामी, मला पाण्यावरचंच उडवायचंय." त्याची आई धास्तावलीय. जमिनीवरचं लायसन्स झालं की पाण्यावर उडवता येतं का लगेच?

फ्लोटवाला_अमळनेर

वहिनी, लगेच नाही. वेगळं रेटिंग, म्हणजे लायसन्सवर पाण्याच्या विमानाची जादा नोंद लागते. अमेरिकेत त्याला वेगळी लेखी परीक्षा नाही आणि तासांची किमान अटही नाही, प्रशिक्षकानं तयार आहे म्हटलं की परीक्षकासोबत उडून दाखवायचं. कॅनडात किमान सात तास, त्यातले पाच प्रशिक्षकासोबत, आणि एकट्यानं पाच उड्डाणं-उतरणं. पण सात तासांत रेटिंग मिळतं, पाणी वाचता येत नाही. त्यामुळे नोकरी देणारे आणि विमा कंपन्या त्याहून खूप जास्त तास मागतात, आणि बरोबरच करतात. सुरुवात बहुतेकांची को-पायलट म्हणूनच होते.

त्याला सांगा, आधी इथलं पूर्ण कर, आडव्या वाऱ्यातलं उतरणं घोटून घे, घाई नको. सी-प्लेनमध्ये पायांचं काम फार. आणि पोहायला येतं का त्याला?

वहिनी_शिरपूर

येतं की. आमच्या विहिरीत शिकला. पण कपडे-बूट घालून कधी पोहला नाही म्हणे.

फ्लोटवाला_अमळनेर

मग तेच करायला सांगा. पूर्ण कपडे, बूट, आणि काठावर चांगलं पोहणारा एक माणूस उभा ठेवून. विहिरीत नको, तलावात. डोळे मिटून काठ हातानं शोधायचा. आईला आधी सांगा, नाहीतर ती मला शिव्या देईल.

भोईराज_प्रकाशे

आमच्या प्रकाशा गावी पाठवा वहिनी. होडी घेऊन मी थांबतो.